मुलांचे आजारपण आणि विम्याचा प्रकार : पालकांनी वेळीच जाणून घ्यावे असे काही



आपल्या न्यासाकडे वैद्यकीय साहाय्यासाठी जे अर्ज येतात, त्यांतील बरेचसे लहान मुलांच्या उपचारांसाठी असतात. ते वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. अर्जदाराच्या घरी बहुधा कोणते ना कोणते कार्ड असते. कोणाकडे आयुष्मान कार्ड, कोणाकडे ईएसआयचे, कोणाकडे खाजगी कंपनीची पॉलिसी. तरीही मूल योग्य त्या तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचलेले नसते. "कार्ड आहे, मग अडचण कसली?" असे आपण विचारतो, आणि "कार्ड आहे हो, पण तिथे चालले नाही" असे उत्तर मिळते. त्या ‘चालले नाही’ या दोन शब्दांमागे काय दडलेले असते, हे समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आपल्या अकरा महिन्यांच्या मुलीसाठी अर्ज घेऊन आले. मुलीच्या हृदयात जन्मतः छिद्र होते. दूध पिताना ती घामाघूम होई, वजन वाढत नसे, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी छातीत कफ भरे. घरात आयुष्मान कार्ड होते. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात ‘कार्डावर हृदयाचे उपचार होतात’ असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. न्यासाने प्रवास व इतर खर्चासाठी २५,००० रुपये मंजूर केले आणि ते कुटुंब निघाले.

तेथे गेल्यावर कळले की, त्या रुग्णालयाला कार्डावर मोठ्या माणसांच्या हृदयाचे उपचार करण्याची मान्यता होती. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची नव्हती. तपासण्या, मुक्काम आणि गाडीभाडे यांत सर्व पैसे संपले. घरी परतल्यावर कर्ज काढून पुन्हा जाण्याचा विचार सुरू झाला. त्यात चार महिने गेले, आणि त्या काळात मुलीला दोनदा न्यूमोनिया झाला. अखेर मोहल्ल्यातील आंगणवाडी सेविकेने तिचे नाव शासनाच्या बाल आरोग्य पथकाकडे दिले. तेथून जिल्हा स्तरावर तपासणी झाली, कागदपत्रे पुढे गेली आणि दुसऱ्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी एक पैसाही भरावा लागला नाही. मुलगी आता शाळेत जाते.

त्या अर्जावर मंजुरीची सही माझी होती. पैसे देण्यापूर्वी "आंगणवाडीत दाखवले का?" एवढा एकच प्रश्न मी विचारला असता, तर त्या लेकराचे चार महिने वाचले असते. पैसे दिल्याने आपण मदत केली असे आम्हांस वाटले. प्रत्यक्षात चुकीच्या दाराशी जाण्याचे भाडे तेवढे आम्ही दिले. ही खंत मनात आहे, म्हणूनच हा लेख.

मुलांच्या आजाराचे स्वतःचे वेळापत्रक असते

मोठ्या माणसाचा गुडघा सहा महिन्यांनी बदलला तरी त्रास तेवढा लांबतो, पण गुडघा बदलता येतो. लहान मुलांच्या पुष्कळ आजारांचे तसे नसते. त्यांचे शरीर वाढत असते, आणि ठरावीक वयात ठरावीक उपचार झाला नाही तर ती वेळ पुन्हा येत नाही. काही उदाहरणे द्यावीशी वाटतात.

बाळाचे पाऊल जन्मतः आत वळलेले असेल, तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत ते सरळ करता येते. डॉ. पोन्सेटी यांची ही पद्धत आज जगभर रूढ आहे. उशीर झाला की तेच काम अधिक अवघड होत जाते आणि मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. तिच्यासाठी डॉक्टरांत एक जुना ‘दहाचा नियम’ प्रचलित आहे : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड आणि हिमोग्लोबिन दहा. टाळूची शस्त्रक्रिया बोलणे सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हावी, अन्यथा उच्चार कायमचे अस्पष्ट राहण्याचा संभव असतो.

जन्मतः दाट मोतीबिंदू असल्यास पहिल्या दोन महिन्यांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. डोळा नंतर स्वच्छ केला तरी मेंदू पाहायला शिकलेला नसतो. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी, असा नियम आहे. बहिरेपणाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. हृदयातील मोठे छिद्र फार काळ तसेच राहिले, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात, आणि मग शस्त्रक्रिया करणेच धोक्याचे ठरते.

हे वेळापत्रक विमा कंपनीला, शासनाला किंवा न्यासाला विचारून ठरलेले नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत कार्डावर किती लाख रुपये लिहिले आहेत, याहून ते कार्ड कोणत्या प्रकारचे आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. कोणते दार उघडेल, त्याआधी कोणाची चिठ्ठी लागेल आणि किती दिवस थांबावे लागेल, हे त्या प्रकारावर अवलंबून असते.

आयुष्मान कार्ड

केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. मध्य प्रदेशात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतील पात्र कुटुंबांखेरीज संबल योजनेतील व अन्न सुरक्षेची पात्रता पर्ची असलेल्या कुटुंबांसही या योजनेत घेण्यात आले.

मुलांच्या दृष्टीने या योजनेत दोन गोष्टी विशेष चांगल्या आहेत. पहिली अशी की, कुटुंबात कितीही माणसे असली तरी सर्वांचा समावेश होतो. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबातील पाचच व्यक्तींची नोंद होत असे आणि मर्यादा ३०,००० रुपये होती. आजी-आजोबांची नावे घातली की एखादे मूल बाहेर राही. ती अट आता नाही. दुसरी गोष्ट अशी की, आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून योजनेत येतो. जन्मजात दोष असलेल्या बाळासाठी ही फार मोठी सवलत आहे.

तथापि मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च तिच्यात मोडतो. नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीचा नाही. मुलांचे अनेक दीर्घकालीन आजार मात्र बाह्यरुग्ण विभागातच सांभाळावे लागतात. फेफरे येणाऱ्या मुलाची रोजची औषधे, मधुमेही मुलाचे इन्सुलिन, उशिरा बोलणाऱ्या मुलाची वाचा-उपचार तज्ज्ञाकडील आठवड्याची फेरी, हे सर्व त्या कार्डाबाहेर राहते.

शिवाय रुग्णालयाला मान्यता मिळते ती विषयवार. एखादे रुग्णालय अस्थिरोगासाठी संलग्न असेल, पण बालशस्त्रक्रियेसाठी नसेल. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव असतात. वर सांगितलेल्या अनुभवात नेमके येथेच चुकले होते. रुग्णालयाचे नाव यादीत आहे, एवढे पाहून निघू नये. आपल्या मुलाला हवा असलेला उपचार त्या रुग्णालयाच्या मान्यतेत आहे काय, हे विचारूनच निघावे. प्रत्येक संलग्न रुग्णालयात त्यासाठी ‘आयुष्मान मित्र’ नेमलेला असतो. १४५५५ या क्रमांकावरही ही माहिती मिळते.

कार्डाविना मिळणारा उपचार

ज्या योजनेतून त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली, ती विमा योजना नव्हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा तीसएक व्याधींची तपासणी त्यात होते. जन्मजात दोषांत वाकडे पाऊल, दुभंगलेला ओठ व टाळू, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष, पाठीच्या कण्यातील दोष, खुब्याचा सांधा निखळणे इत्यादी नऊ व्याधी आहेत.

या कार्यक्रमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास बाळाची तपासणी तेथेच होते, आणि पहिल्या सहा आठवड्यांत आशा कार्यकर्ती घरी येऊन बाळाला पाहते. त्यापुढे सहा वर्षांपर्यंत आंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि नंतर शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा फिरते पथक येते. पथकाने दोष टिपला की मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात. तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्व काही विनामूल्य असते. मध्य प्रदेश शासनाच्या मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आणि मुख्यमंत्री बाल श्रवण उपचार योजना याही याच वाटेवरच्या आहेत. त्यांची प्रकरणे जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत पुढे जातात.

येथे एक विसंगती नमूद करावीशी वाटते. पथक आंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जाते. आपले मूल आंगणवाडीत जात नसेल आणि पुढे खाजगी शाळेत शिकत असेल, तर ही तपासणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘आंगणवाडी आपल्यासाठी नव्हे’ असे मानणारी अनेक मध्यमवर्गीय घरे या कारणाने वंचित राहतात. अशा पालकांनी संकोच न करता बाळाला थेट जिल्हा रुग्णालयात न्यावे आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी.

आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी भागातून येणाऱ्या भाविकांसाठी आणखी एक माहिती देत आहे. सिकलसेल आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या रक्ताची तपासणी केली जाते. ज्या मुलाचे हातपाय वारंवार दुखतात, जे सतत फिकट दिसते, त्याची ही तपासणी अवश्य करून घ्यावी.

ईएसआय आणि रेल्वे

कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झाली. कामगाराच्या पगारातून अल्प अंशदान कापले जाते. १ जुलै २०१९ पासून ते वेतनाच्या पाऊण टक्का, तर मालकाचे सव्वातीन टक्के झाले. दवाखान्यातील साध्या तपासणीपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत सारे तिच्यात येते. या दृष्टीने मुलांसाठी ही योजना आयुष्मानपेक्षा अधिक व्यापक म्हणावी लागेल, कारण बाह्यरुग्ण उपचार व औषधेही मिळतात.

मात्र तिचे दोन नियम ठाऊक असावेत. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती सक्तीने लागू होते. बुऱ्हाणपुरातील पुष्कळसे यंत्रमाग घराला लागून किंवा लहान कारखान्यांत चालतात. तेथील कामगाराचे नाव सहसा या योजनेत नसते. दुसरा नियम अतिविशेष उपचारांचा आहे. पूर्वी यासाठी दोन वर्षांच्या नोकरीची अट होती. २०१८ मध्ये महामंडळाने ती शिथिल केली. तेव्हा ठरले ते असे : कामगाराला स्वतःसाठी सहा महिन्यांची नोकरी व ७८ दिवसांचे अंशदान, तर त्याच्या कुटुंबीयांसाठी एक वर्षाची नोकरी व १५६ दिवसांचे अंशदान. म्हणजे कार्ड एकच, पण बापाला जे सहा महिन्यांत मिळेल, त्यासाठी लेकराला वर्षभर थांबावे लागेल. नव्याने नोकरीस लागलेल्या पित्याने आपली पात्रता कोणत्या दिवशी पूर्ण होते, हे प्रथमच विचारून घ्यावे, आणि तोवर मुलासाठी वर सांगितलेल्या शासकीय कार्यक्रमाची वाट धरावी.

आपल्याकडे रेल्वे सेवेतील भाविक कुटुंबेही आहेत. बुऱ्हाणपूर स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. त्यामुळे त्यांची वाट भुसावळच्या विभागीय रेल्वे रुग्णालयातून जाते आणि तेथून गरजेप्रमाणे भायखळ्याच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे किंवा अन्य मान्य रुग्णालयाकडे. या व्यवस्थेत मूल थेट बाहेरच्या तज्ज्ञाकडे नेले, तर खर्चाची भरपाई मिळविताना त्रास होतो. आधी रेल्वे डॉक्टरांची चिठ्ठी, मग प्रवास, हा क्रम मोडू नये. अगदी तातडीचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जवळचे रुग्णालय गाठावे आणि लगेच रेल्वे रुग्णालयास कळवावे.

खाजगी पॉलिसी

व्यापारी, वकील, दुकानदार अशा घरांत खाजगी विमा असतो, आणि ‘आम्ही हप्ता भरतो, आम्हांस चिंता नाही’ असा समज असतो. लहान मुलांच्या बाबतीत हा समज नेहमीच खरा ठरत नाही.

पहिली गोष्ट नवजात बाळाची. अनेक वैयक्तिक पॉलिसींत बाळ नव्वद दिवसांचे झाल्यावरच त्याला विम्यात घेतात. आजाराची सर्वांत नाजूक वेळ, म्हणजे जन्मानंतरचे पहिले तीन महिने, विम्याबाहेर राहतात. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून बाळ समाविष्ट होते, पण जन्माची सूचना मुदतीत द्यावी लागते.

दुसरी गोष्ट जन्मजात दोषांची. विमा व्यवहारात यांचे दोन भाग करतात. जो दोष बाहेरून दिसतो तो बाह्य, जो दिसत नाही तो अंतर्गत. दुभंगलेला ओठ हा बाह्य; हृदयातील छिद्र हा अंतर्गत. बाह्य दोषाचा उपचार अनेक पॉलिसींत कायमचा वगळलेला असतो. अंतर्गत दोषाला सहसा प्रतीक्षा कालावधी असतो. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ज्या छिद्रावर वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, त्यासाठी तीन वर्षांची सवलत काय उपयोगाची?

म्हणून, गरिबाच्या आयुष्मान कार्डावर जे पहिल्या दिवशी होते, ते सुखवस्तू घराच्या पॉलिसीवर तीन वर्षे होत नाही, असा उलटा प्रसंगही येतो. पॉलिसी घेताना आजार लपवू नये. लपविलेले उघडकीस आले की दावा नाकारला जातो. विवाहित मुला-मुलींच्या घरी पॉलिसी घेण्याचा विचार असेल, तर ‘नवजात बाळ पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहे काय’ आणि ‘जन्मजात दोषांचे काय’ हे दोन प्रश्न प्रतिनिधीस विचारून लेखी उत्तर घ्यावे.

आपले गाव सीमेवरचे

बुऱ्हाणपूरकरांच्या वाट्याला आणखी एक गुंतागुंत येते. आपले राज्य मध्य प्रदेश, पण सोयरीक खानदेशात. इंदूर इच्छापूर मार्गाने सुमारे १८० किलोमीटर. भुसावळ मात्र रेल्वेने तासाभरावर आणि जळगाव त्याच्या थोडे पुढे. मूल आजारी पडले की पाय साहजिकच भुसावळ-जळगावकडे वळतात.

समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. एक रावेरला दिली, दुसरी येथे बुऱ्हाणपुरात. दोघींची बाळे जळगावात एकाच डॉक्टरांपुढे बसली, तरी त्यांच्या हाती निरनिराळे कार्ड असते. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळे होते, जळगाव नव्हते. जळगावकरांना ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. पुढे २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातील सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत तिचा लाभ मिळू लागला. रावेरच्या बहिणीला त्यासाठी महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला पुरतो.

बुऱ्हाणपूरच्या बहिणीला ती योजना लागू नाही, कारण ती महाराष्ट्राची रहिवासी नव्हे. तिचे आयुष्मान कार्ड मात्र सीमेपलीकडे चालते. ही योजना देशभर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वापरता येते. अट एवढीच की, ते रुग्णालय आयुष्मान योजनेशी त्या उपचारासाठी संलग्न असावे. याउलट बाल हृदय किंवा बाल श्रवण या मध्य प्रदेश शासनाच्या योजनांची मंजुरी येथील जिल्ह्यातूनच घ्यावी लागते. आधी जळगावात उपचार करून बिल येथे आणले, तर त्याची भरपाई मिळेल असे गृहीत धरू नये.

येथे कोणीही नातेवाईकाच्या पत्त्यावर दुसऱ्या राज्याचे रेशनकार्ड काढण्याचा विचार करू नये. ते नियमबाह्य आहेच, शिवाय उपचार ऐन भरात असताना कागद तपासले गेले, तर हाल मुलाचेच होतात.

दूरच्या एका शहराचा दाखला

कार्डाच्या प्रकारावरून मुलांना दार उघडणे वा बंद होणे, हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेतील शिकागो शहर ज्या कुक परगण्यात आहे, तेथे २०१० साली एक पाहणी झाली. मुलाची आई असल्याप्रमाणे दूरध्वनी करून २७३ तज्ज्ञ दवाखान्यांकडे भेटीची वेळ मागण्यात आली. प्रत्येक दवाखान्याला दोनदा विचारले गेले. आजार तोच, सांगणे तेच. फरक एवढाच की, एकदा शासकीय विमा सांगितला आणि एकदा खाजगी. शासकीय विमा सांगितल्यावर ६६ टक्के वेळा नकार मिळाला, खाजगी सांगितल्यावर केवळ ११ टक्के वेळा. ज्या दवाखान्यांनी दोघांनाही वेळ दिली, तेथेही शासकीय विम्याच्या मुलाला सरासरी २२ दिवस अधिक थांबावे लागले. ही पाहणी २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या विख्यात वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

कारण उघड आहे. तेथील शासकीय विमा डॉक्टरांना खाजगी विम्याहून कमी मोबदला देतो. आपल्याकडेही शासकीय योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो, आणि खाजगी रुग्णालय कोणत्या विषयासाठी संलग्न व्हायचे ते स्वतः ठरवते. बालहृदयशस्त्रक्रियेसारख्या कामाला तज्ज्ञ मोजके, अतिदक्षता विभाग वेगळा आणि खर्च मोठा. त्यामुळे तशी दारे थोडी, आणि जी आहेत ती मोठ्या शहरांत. येथे कोणा एका डॉक्टरला वा रुग्णालयाला दोष देण्याचा हेतू नाही. व्यवस्था अशी आहे हे आधी कळले, तर आई-बापांची पायपीट वाचेल, एवढाच हेतू आहे.

पालकांनी काय करावे

१. बाळाच्या जन्माची नोंद व दाखला लगेच घ्यावा. समग्र परिवार आयडीत बाळाचे नाव जोडून घ्यावे. नाव जोडलेले नसले की पुढचे प्रत्येक काम अडते.

२. पाच वर्षांखालील मुलाचे आधार बोटांच्या ठशांविना निघते. पाचव्या व पंधराव्या वर्षी ठसे व छायाचित्र अद्ययावत करावे लागते. हे राहून गेल्यास ऐन वेळी ओळख पटविण्यात अडचण येऊ शकते.

३. आयुष्मान कार्ड प्रत्येक सदस्याचे वेगळे निघते. वडिलांचे कार्ड आहे म्हणून मुलाचेही आहे, असे समजू नये.

४. आशा कार्यकर्ती व आंगणवाडी सेविका यांना बाळ अवश्य दाखवावे, मग आपली आर्थिक स्थिती कशीही असो.

५. बाहेरगावी निघण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करावी : रुग्णालय आपल्या कार्डाशी संलग्न आहे काय, या विशिष्ट उपचारासाठी आहे काय, आणि कोणाची चिठ्ठी वा पूर्वमंजुरी लागते काय.

६. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : "या आजाराला किती दिवस थांबता येईल?" ते उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पुढच्या प्रत्येक कार्यालयात तो कागद उपयोगी पडतो.

७. अडवणूक झाल्यास १४५५५ वर किंवा मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवावी. कलेक्टर कार्यालयात मंगळवारच्या जनसुनवाईतही अर्ज देता येतो.

न्यासाच्या वतीने

वरील अनुभवानंतर न्यासाने वैद्यकीय साहाय्याच्या अर्जात चार प्रश्न वाढविले आहेत : मुलाचे वय किती, घरात कोणत्या प्रकारचे कार्ड आहे, आंगणवाडी किंवा जिल्हा रुग्णालयात दाखविले काय, आणि डॉक्टरांनी किती मुदत सांगितली आहे. सभासदांना विनंती की, हे रकाने कोरे ठेवून अर्ज पुढे पाठवू नयेत. अर्जदारास लिहिता येत नसेल तर शेजारी बसून विचारावे आणि स्वतः लिहावे. या प्रश्नांचा हेतू मदत टाळणे हा नाही. जेथे शासनाची योजना पुरेशी आहे, तेथे न्यासाचा पैसा प्रवास, मुक्काम आणि आईच्या बुडालेल्या मजुरीसाठी वापरता येतो. जेथे कोणतेच कार्ड चालत नाही, तेथे उपचारासाठी.

दान देणाऱ्या भाविकांनाही एक निवेदन आहे. आपण दिलेला रुपया जितका मोलाचा, तितकीच योग्य वेळी सांगितलेली योग्य माहिती मोलाची. आपल्या शेजारी, गिरणीत, मोहल्ल्यात एखादे बाळ दूध पिताना दमत असेल, हाकेला वळून पाहत नसेल, त्याचे पाऊल आत वळलेले असेल, तर ‘मोठे झाल्यावर होईल ठीक’ असे म्हणू नये. त्याच्या आईला आंगणवाडीची वाट दाखवावी. शक्य असल्यास तिच्यासोबत जावे.

योजनांचे नियम वेळोवेळी बदलतात, यास्तव प्रत्यक्ष निघण्यापूर्वी संबंधित कार्यालयात खात्री करून घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव
विश्वस्त मंडळाकरिता, बुऱ्हाणपूर